करंजावरचा शिंपी

आमचे हे चाकणला प्रेसशॉपमध्ये होते. पत्रा दाबणाऱ्या धडाधड मशिनींपाशी त्यांची सगळी नोकरी सरली. त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नाही. शेजारीण विचारते, "बोलताय की भांडताय?" मी म्हणते, दोन्ही.

रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे पाखरांना लागले. चिंचवडच्या पक्षी बघणाऱ्यांच्या क्लबात गेले आणि तिथलेच झाले. नदीकाठी पूर्वी नुसता राडारोडा पडलेला असायचा. क्लबच्या आणि आसपासच्या सोसायट्यांमधल्या लोकांनी तो उचलला, करंज, उंबर, बाभळी लावल्या, एक तळं खणलं. आता फाटकावर 'पक्षी अभयारण्य' अशी पाटी आहे. ह्यांच्या तोंडी मात्र ते 'रान'. उन्हाळ्यात खांद्यावरून कॅन वाहून त्यांनी एकेका रोपाला पाणी घातलंय. लेकीच्या बाळंतपणात एवढी धावपळ केली नव्हती, हे मी त्यांना तोंडावर सुनावलेलं आहे. रविवारी सकाळी मीही जाते. चहाचा थर्मास माझ्याकडे असतो, आणि खरं सांगू का, त्यांच्या शेजारून चालायला मला आवडतं.

पाखरू आधी कानानं शोधायचं, मग डोळ्यानं, हे नव्या लोकांना त्यांनीच शिकवलं. शिंपी म्हणजे एवढासा जीव, पानांच्या दाटीत दिसत नाही. पण ओरडतो असा की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. हे क्षणभर थांबायचे, बोट दाखवायचे, आणि तो तिथेच असायचा.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्यांचा चेहरा उतरला. "शिंपी न्हाई राहिला रानात," घरी माझ्यापाशी म्हणायला लागले, क्लबात मात्र बोलायचे नाहीत. "शिंजीरबी गेला." बारीक बारीक पाखरं एकेक करून निघून चाललीत म्हणे. कधी पलीकडच्या नव्या इमारतींच्या दिव्यांना बोल लावायचे, कधी तळ्याच्या पाण्याला. जेवताना घास हातात तसाच राहायचा. "आपलंच काय तरी चुकलं गं." मला वाईट वाटायचं आणि चीडही यायची. पाखरांपायी माणूस एवढा झुरतो होय!

मग एका रविवारी सगळे करंजाखाली चहाला थांबलेले असताना हे उभे राहिले. "रान मेलं आपलं," म्हणाले. "शिंपी गेला, म्हंजे समदं गेलं. मी काय आता यायचा न्हाई."

आणि अगदी त्यांच्या डोक्यावरच्या फांदीत शिंपी ओरडत होता. टुविट, टुविट, टुविट, थांबायचं नावच घेईना. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, ह्यांना नाही. कावळा ऐकू यायचा, भारद्वाजाचं घुमणं ऐकू यायचं, म्हणून तोवर कुणाला शंका आली नव्हती. बारीक, चिरके आवाज तेवढे प्रेसच्या धडधडीनं खाल्ले होते. लोकांनी माना खाली घातल्या, मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सांगायचं मलाच होतं. घरी आल्यावर चपला काढताकाढताच तोंडातून गेलं. "अहो, शिंपी कुठं गेला नाही. तुमच्या डोक्यावर बसून बोंबलत होता मेला. तुम्हाला ऐकू येत नाही!" एवढं बोलले आणि मलाच रडू फुटलं.

हे खुर्चीत बसले. कितीतरी वेळ कानाच्या पाळीवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा उभा राहत नाही.

"म्हंजे पाखरं हायेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत हो."

"शिंजीर?"

"तोही आहे. सगळे आहेत."

"आन् मी म्हनत होतो रान मेलं!" असं म्हणून ते हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसत होते. कानांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "वाढ गं, भूक लागलीया," म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. कानाच्या डॉक्टरकडे मी नंतर अक्षरशः ओढत नेलं, ती कथाच वेगळी.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा रानात गेलो. मला पाखरांची नावं आजही धड येत नाहीत, पण कान शाबूत आहेत. झाडीत काहीतरी ओरडायला लागलं, तशी मी चारचौघांत ह्यांचा हात हातात घेतला, ह्या वयात, आणि त्या आवाजाच्या ठेक्यावर तळहातावर बोट आपटत राहिले. हे डोळे मिटून थांबले.

"शिंपी!" ते ओरडले, एवढ्या मोठ्यानं की पाखरू भुर्रकन उडून गेलं. रानात मोठ्यानं बोलायला सक्त मनाई असते. त्या दिवशी कुणीही शूऽऽ केलं नाही.