काही असलं तर सांगेनच

ओतिलिया बार्रागानच्या हाकेला आमच्या गावात दारं उघडायची. एरवी इथे दारावर थाप पडली की माणसं आधी पडद्याआडून पाहतात. सीमेपलीकडून आलेली माणसं आम्ही; राहण्याच्या कागदपत्रांची धास्ती नाही असं घर आमच्या गल्लीत विरळाच. पण "मी गं, ओतिलिया" एवढं ऐकू आलं की कडी निघे. आधी तीही गल्लीतल्या सगळ्यांसारखी द्राक्षांच्या मळ्यात कामाला होती. पाठ कामातून गेल्यावर दवाखान्याच्या वतीने घरोघर फिरू लागली. कोणाला साखर आहे, कोण गोळ्या चुकवतं, कोण चुकवून वर खोटं बोलतं, तिला सगळं पाठ. मी शाळेत शिकवायचे, तिची मुलं माझ्याच वर्गात होती. तीही तशीच, दुसऱ्याचं दप्तर उचलणारी.

मळ्यातल्या माणसांच्या किडन्या का निकामी होतात याचा अभ्यास करायला विद्यापीठातली मंडळी आली, तेव्हा चर्चच्या सभागृहात त्यांनी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मग कोणीतरी त्यांना ओतिलियाचं नाव सांगितलं.

ती पहिल्यांदा गेली एर्मिनियाकडे. एर्मिनियाच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून ओतिलियानेच हातावर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत, आणि एर्मिनियाचा नवरा ओतिलियाचा 'कोम्पाद्रे' झाला. हे नातं सख्ख्या बहिणीहून कडक. कोमाद्रेला नाही म्हणता येत नाही. मी त्या दिवशी तिथेच होते, तव्यावरच्या गरम तोर्तियांची, मक्याच्या पोळ्यांची, वाट पाहत.

"कोमाद्रे, हात पुढे कर बघू."

"का? अंगठी घालतेस?"

"रक्त हवंय. एवढीशी नळी."

"माझ्या रक्तात काय सापडणार? द्राक्षाच्या बिया! आणि नेऊन करणार काय ते, मोलेचा रस्सा शिजवणार?"

"शिकलेली माणसं आहेत बाई ती. आपल्यासाठीच करतायत."

एर्मिनियाचा नवरा अबुंदियो कोपऱ्यात बूट काढत होता. म्हणाला, "देऊन टाक. हिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय?"

एर्मिनियाने तोर्तिया उलटली. "आणि काही वाईट निघालं तर?"

"काही असलं तर मी सांगेनच ना तुला!"

विद्यापीठातल्या मुलीने ओतिलियाला आधीच बजावलं होतं, की हे रक्त फक्त अभ्यासासाठी आहे, कोणाच्या रक्तात काय निघालं ते त्याला कळवलं जाणार नाही. ओतिलियाने ते ऐकलंही होतं. पण एवढी शिकलेली माणसं रक्तात आजार पाहतील आणि गप्प बसतील, हे तिच्या मनाला पटेचना. तसं कोण वागतं?

एर्मिनियामागून अख्ख्या गल्लीने रक्त दिलं. त्यांच्या लेखी ते विद्यापीठाला दिलेलं नव्हतंच, ओतिलियाला दिलेलं होतं. मंडळी आभार मानून गेली. पुढे काहीच आलं नाही.

पुढच्या हंगामात एर्मिनियाचे पाय सुजलेले मला दिसले. मी म्हटलं, "दवाखान्यात जाऊन ये."

"दिवसभर उभं राहून पॅकिंग करते बाई, पाय सुजणारच. रक्त तपासून झालंय माझं. काही असतं तर कोमाद्रेनं सांगितलं नसतं?"

हिवाळ्यात ती पॅकिंगच्या शेडमध्येच कोसळली. दोन्ही किडन्या गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. इस्टर यायच्या आतच ती गेली.

आमच्याकडे माणूस गेल्यावर नऊ संध्याकाळी जपमाळ होते. जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात, आणि नवव्या दिवशी घरच्यांनी निवडलेली माणसं तो एकेक भाग करून उचलतात. डोकं, दोन हात, काळीज, पाय. ओतिलिया रोज आली, पण बाहेरच्या खोलीत बसली नाही. स्वयंपाकघरात कप विसळत राहिली. स्वच्छ झालेले कपही पुन्हा विसळायची.

नवव्या संध्याकाळी अबुंदियो आत आला. "कोमाद्रे, चल. काळीज तुला उचलायचंय."

तिने नळ बंद केला नाही. "मला सांगू नका, कोम्पाद्रे. तिला मीच म्हटलं होतं, काही असलं तर सांगेन. ते सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून म्हटलं मी."

अबुंदियोने हात लांब करून नळ बंद केला. बाहेर बायका जपमाळेचा शेवटचा भाग म्हणत होत्या.

"मी तिथेच होतो ना," तो म्हणाला. "रोज रात्री पाय चोळताना म्हणायची, ओतिलियाचा निरोप नाही, म्हणजे ठीक आहे." त्याने तिच्या हातातला कप काढून ओट्यावर ठेवला. "रक्त तिनं तुलाच दिलं होतं. हेही तूच उचल."

मी दारात उभी होते. अबुंदियोला मी तो तरुण होता तेव्हापासून ओळखते. पण त्याने ते मायेने म्हटलं की रागाने, ते मला कळलं नाही. ओतिलियालाही कळलं नसावं. तिने हात पुसले, बाहेर जाऊन गुडघ्यांवर बसली आणि चुना तळहाताने गोळा करायला लागली. छोटा झाडू शेजारीच होता. कोणीतरी तो पुढे केला, तिने घेतला नाही. फरशीच्या फटीत गेलेला चुना ती नखाने काढत बसली, आणि ज्याला क्रुसाचे पाय उचलायचे होते तो माणूस हातात झाडू घेऊन ताटकळत उभा राहिला.

ओतिलिया अजूनही गल्लीत फिरते. "मी गं" म्हणते. दार उघडतं, पण आधी पडदा हलतो.