डोक्यावर परिणाम

"सतराचा पाढा म्हण."

मुलाचे मामा म्हणाले. मी बारामतीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. पाहुणे इंदापूरहून गाडी करून आमच्या गावी, डाळजला, मला बघायला आले होते. बागायतदार माणसं. आमचे तात्या दुसऱ्याच्या उसाला पाणी देणारे.

लहानपणी तापात मला झटके यायचे, हे मामांना कुणीतरी सांगितलं होतं. "डोक्यावर परिणाम राहतो म्हणे. बघून घेतलेलं बरं."

तात्यांनी मान खाली घातली. आई दाराआडून खुणावत होती, म्हण गं. मी म्हटला. न अडखळता. मामांनी मान डोलावली, बाजारात बैलाचे दात बघून डोलावतात तशी. आणि मला हायसं वाटलं. त्याची आजही चीड येते.

तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. माझा थोरला भाऊ. तापातले झटके आम्हा दोघांनाही आले. माझे लगेच थांबायचे, शाळेत जायच्या वयात बंदच झाले. दादाचा एकदा फार लांबला. दवाखाना गाठेपर्यंत थांबला नाही. पुढं ताप नसतानाही त्याला फिट येऊ लागली. अजून गोळ्या चालू आहेत. बोलताना शब्द सापडायला वेळ लागतो. बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक पोरांना पुढं काही होत नाही, थोड्यांना होतं. दोष कुणाचाच नाही.

"पा... पाव्हणं, चहा घ्या."

मामांनी कप घेतला नाही. तात्यांना म्हणाले, "मुलगी चालेल. पण हा लग्नात मांडवात दिसायला नको."

दादा ट्रे धरून तिथंच उभा राहिला. नवरा मुलगा मोबाईलमध्ये बघत राहिला.

पाढा येतो म्हणून मी माणूस. शब्द अडतो म्हणून दादा नाही. असा यांचा हिशोब. आणि त्या हिशोबात मी पास झाले होते!

मी उठले. "दादा, ट्रे ठेव. हितं खुर्चीवर बस. पाव्हणं, तुमी निघा."

"अगं, असं स्थळ पुन्हा यायचं न्हाय," आई कळवळली.

"न्हाय तर न्हाय."

चपला घालताना मामा म्हणाले, "खरंच परिणाम झालाय हिच्या डोक्यावर."

"व्हय. आजच झालाय."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तात्या मात्र त्या संध्याकाळी दादाच्या शेजारी बसून जेवले.

स्थळं अजून येतात. आता आधी मीच सांगते. झटके, गोळ्या, सगळं. काही जण तिथूनच परततात. परतू देत. ज्या मांडवात माझा भाऊ सगळ्यांसमोर उभा राहणार नाही, त्या मांडवात मी पाय ठेवणार नाही. बिनलग्नाची राहीन. मान खाली घालून राहणार न्हाय.