हंसाची चोच आणि गुलाबी रीळ

आमच्या यांनी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली, पण जीव लावला तो रानहंसांना. हिवाळा आला की आमच्या नंदनवन वस्तीतून स्कूटर निघायची ती थेट कुहीकडच्या तलावावर. मागे मी, डबा आणि दुर्बीण.

हे राखी हंस सगळे सारखेच दिसतात, असं मी एकदा बोलून गेले आणि तासभर भाषण ऐकलं. पूर्वेकडचा अंगाने मोठा, फिक्कट, चोच गुलाबी. पश्चिमेकडचा जरा लहान, गडद, चोच नारिंगी. आपल्याकडे यायचा तो पूर्वेकडचाच. पण यांच्या वहीत तीन हिवाळे ‘नारिंगी’ लिहिलं होतं. पक्षीमित्रांच्या सभेत हा शोध सांगायला हे उभे राहणार होते, त्यासाठी नवा शर्टही शिवून झाला होता.

मला मात्र चोच गुलाबीच दिसायची. तसं म्हटलं तर म्हणाले, “तुले काय कळते वं त्यातलं?”

आता मी तीस वर्षं ब्लाउज शिवले आहेत. धाग्याचा रंग मी ट्यूबलाइटखाली कधीच ठरवत नाही, रीळ उन्हात नेऊन कापडाला लावून बघते. पुढच्या खेपेला दोन रिळं पर्समध्ये टाकली आणि तलावाकाठी गुलाबी रीळ यांच्यासमोर धरलं.

“हा रंग कोणता?”

“नारिंगी. काहून?”

मग नारिंगी दाखवलं. “हेही तेच,” म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

मोतीबिंदू पिकत आला होता. त्याने सगळं पिवळट दिसतं, डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने तलावावर यांनी आधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा, मग परत पहिला. डबा न उघडताच आम्ही घरी आलो. मला वाटलं, आता सभेला जात नाहीत. गप्प राहिले असते तरी कोणाला कळणार होतं? हंस काही साक्ष द्यायला येत नाहीत.

पण गेले, तोच नवा शर्ट घालून. भर सभेत म्हणाले, “तीन वर्षं मी चुकीचं लिहिलं. हंस पूर्वेकडचेच आहेत.” मागच्या रांगेत बसून मी पदराने डोळे पुसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

घरी आल्यावर मी यांची वही उघडली. तिन्ही नोंदींत ‘नारिंगी’ खोडून ‘गुलाबी’ केलं होतं. शेजारी ‘निरीक्षक’ असा रकाना असतो. तिथलं स्वतःचं नाव खोडून यांनी माझं लिहिलं होतं.