धरणाच्या फाटकापाशी

धरणाच्या पाण्याचा आवाज केवढा, तर दहा पावलांवरच्या नवऱ्याला बायकोची हाक ऐकू आली नाही. ही माझ्या बायकोची आवडती गोष्ट. पंचवीसेक वर्षं ती हसत सांगत आली. गोष्ट खोटी आहे, आणि तिच्या हातात ती मीच दिली.

आमचा वाशीमच्या कडेला भाजीचा मळा. सत्तर सालानंतर विहिरीवर लाईट आली आणि मोट सुटली. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पंपाची कळ दाबायला हीच पुढे. वांग्यांच्या सऱ्यांत पाणी धावलं की विचारायची, "हे लाईट येते कोठून?" पूर्णा नदीवरच्या धरणात पाण्यापासून वीज करतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. तेच सांगितलं.

"पान्यानं लाईट, अन् लाईटीनं पानी? मले दाखवा एकडाव."

शेजारच्या मळेवाल्यांनी धरण बघायला ट्रक ठरवला तेव्हा तिलाही नेलं. जोडीनं फिरायला निघणं हेच तेव्हा नवल. मित्र रस्ताभर पिडत होते, "वहिनी, याले धरून बसा, पडन तुमचा नवरा." मी आधीच अवघडलो होतो.

नदीनं काळा खडक खोलवर कापलेला, त्या दरीत ती भिंत, आणि पायथ्याशी वीजघर. फाटकावरचा पहारेकरी वहीत नावं लिहून एकेकाला आत सोडत होता. मी माझं सांगून पुढे झालो. मागून तिची पाळी आली.

"बाई, नाव?"

तिनं सांगितलं.

"मालकाचं?"

ती गप्प. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे माहेरचं शिकवणं.

"सांगा ना बाई. नाव नाही तं आत नाही."

"त्यायलेच इचारा," ती म्हणाली, आणि मला हाक मारली, "अवो! आइकलं का?"

मागची पोरं खिदळली. "घ्या वहिनी, उखाना घ्या!"

मला स्वच्छ ऐकू आलं. वळून माझं नाव पुन्हा सांगायचं, काम एवढंच होतं. कान तापले आणि मी चालत राहिलो. आतली यंत्रं कशी होती म्हणाल, तर मला नीट आठवत नाहीत.

बाहेर आलो तर ती खडकावर बसलेली, मांडीवर भाकरीचं फडकं, गाठ तशीच. माझ्यावाचून घास घेतला नव्हता.

"कितीक हाका मारल्या तुमाले."

"पाण्याचा आवाज केवढा! आलं नाही ऐकू."

"मले वाटलंच," म्हणाली, आणि आधी माझ्या हातावर भाकर ठेवली.

गेल्या महिन्यात अंगणात मेथीच्या जुड्या बांधताना मी तिला सांगून टाकलं, की मला ऐकू आलं होतं. तिचे हात थांबले.

"पोरं हासली, थेही?"

"तेही."

जुडी बांधून झाली. दुसरी घेतली.

"पन आवाज तं होता ना पान्याचा?"

"होता."

परवा नवी सून म्हणाली, "आई, ते धरनाची गोष्ट सांगा ना." हिनं जुड्यांवरून नजर न उचलता मानेनंच माझ्याकडे खूण केली.

"त्यायलेच इचार."

मी सुनेकडे वळून बसलो, आणि फाटकापासून सांगायला लागलो.