दुलई देऊन आणलेले खेळाडू

भूकंपानंतर लातूरच्या एका शाळेत आम्ही बायका मदतीचे कपडे निवडायला बसायचो. कुठल्या कुठल्या देशांतून गठ्ठे आले होते. स्वेटर एकीकडे, लेकरांचे कपडे एकीकडे आणि कुणाच्याच कामाचं नाही ते दाराजवळच्या ढिगात. त्या ढिगात मला एक उशीचा अभ्रा सापडला. मागची बाजू फाटलेली होती, पण पुढे साटनचे लहान लहान तुकडे जोडून शिवले होते आणि प्रत्येक तुकड्यावर टोपी घातलेला एक माणूस छापलेला होता. सोळा माणसं. काहींच्या खांद्यावर बॅट.

"घेऊन जा वहिनी, हे कोन वापरनार?" गठ्ठ्यांची व्यवस्था बघणारे मास्तर म्हणाले.

मला ते पटेना. आलेली वस्तू घर पडलेल्यांची, मग ती फाटकी का असेना. दुसऱ्या दिवशी मी माझ्या लग्नातली कोरी दुलई नेऊन गठ्ठ्यात ठेवली आणि मगच अभ्रा घरी आणला. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

"दुलई दिलीस ते बेस केलंस," त्या म्हणाल्या. "पर ह्या चिंध्या कशाला आनल्यास?"

"चिंध्या नाहीत, आई. क्रिकेटवाले आहेत."

त्यांनी चष्मा लावून एकेकाला निरखलं. "लई रागात दिसायलेत. हरले असतील."

दिवाळीला मी नांदेडला माहेरी गेले तेव्हा अभ्रा सोबत नेला. आमच्या घरामागे एक म्हातारे रफूगार होते. शाली आणि शेरवान्या अशा रफू करायचे की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"मशीन की सिलाई नै है, बेटा. किसी औरत ने फुरसत से बनाया. खोलूं?"

मी हो म्हटलं; फाटक्या अभ्र्यातले खेळाडू मला चौकटीत बसवून भिंतीवर लावायचे होते. चाचांनी सगळ्यात बारीक सुई घेतली आणि एकेक टाका उचलायला सुरुवात केली. पहिला तुकडा सुटला तेव्हा दुमडलेल्या कडेत बारीक इंग्रजी अक्षरं निघाली. ते एका सिगारेटचं नाव होतं. दुसऱ्या तुकड्याच्या कडेतही तेच नाव. सिगारेटच्या पाकिटाबरोबर हे तुकडे फुकट मिळत असणार, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. चाचांनी ओठातली विडी काढून लांब ठेवली आणि सोळाही तुकडे एकही धागा न ओढता मोकळे करून दिले. मजुरी विचारली तर म्हणाले, "ऐसा काम रोज कहां आता?"

लातूरला परतून हे सांगितलं तर सासूबाईंना मात्र रागच आला. "आमच्या तंबाखूच्या पुडीत कधी चुना बी न्हाई निघाला, आन् त्यायच्या पुडीत रेशीम!"

पुढे लातुरात क्लासेसचं वारं आलं. आमच्या गल्लीत घरोघरी पोरी राहायला आल्या. आमच्या वरच्या खोलीत शिरूर अनंतपाळची एक मुलगी होती, मेडिकलची तयारी करणारी. एकदा जेवताना तिची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली.

"काकू, हे क्रिकेट न्हाई. बॅट बगा ना, मुसळावानी गोल हाय."

इतकी वर्षं माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं! रविवारी ती वाचनालयात गेली आणि जीवशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर मैदानाची आकृती काढून घेऊन आली. खेळाचं नाव बेसबॉल. मग तिला नादच लागला. तुकड्यांवर छापलेल्या नावांवरून कोण कुठल्या शहराकडून खेळला, हे ती घडाघडा सांगायला लागली. मी धास्तावले. हिच्या वडिलांनी हिला डॉक्टर व्हायला पाठवलं होतं. मी नियम घातला: रविवारची टेस्ट झाल्यावर एकच खेळाडू. तिनं तो पाळला. निकाल लागला तेव्हा वडील स्वतः पेढे घेऊन आले आणि खेळाडूंसमोरही एक पेढा ठेवून गेले.

ती पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेली. तिथल्या जुन्या बाजारात तिला असे तुकडे दिसायला लागले. तिच्या पत्राच्या पाकिटातून एक आला, मग दुसरा. माझ्याकडे एकच खेळाडू दोनदा झाला, तेव्हा तिनं मला एका अमेरिकन आजीबाईंचा पत्ता कळवला. त्यांनाही हाच छंद होता आणि नेमका तोच खेळाडू त्यांच्याकडे नव्हता. मी डिक्शनरी घेऊन तीनदा पत्र लिहिलं, तिन्ही फाडली आणि चौथं त्या खेळाडूसकट पाठवलं.

उत्तरात दोन नवे तुकडे आले. आजीबाईंनी लिहिलं होतं, त्यांच्या आजी नवऱ्याच्या मागे लागायच्या, सिगारेटी लवकर ओढून संपवा, तुकड्यांवाचून माझी रजई अडली आहे. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"ईचार तिला, रजई पुरी झाली का?"

मी विचारलं. महिन्याभरानं उत्तर आलं. झाली होती, आणि आजीबाई अजून तीच पांघरत होत्या. सासूबाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"तिला लिही, लातूरला ये म्हनावं," त्या म्हणाल्या. "पर थंडीत ये. उन्हाळ्यात न्हाई."