भाकर तोडताना पाहू द्या

आधी तक्रार, मग नमस्कार.

गौरव समितीचे दोघे जण मोटारसायकलवर माझ्या घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "आजी, सुमनबाईंवर चार पानं लिहून द्या. पण आनंदाचा प्रसंग आहे जी, तर ते कोर्टातलं प्रकरण नका काढू. पोलीस खात्याचे मोठे साहेब पाहुणे म्हणून येऊन राह्यले. त्यांले अवघड वाटते." मी म्हटलं, "माझ्या पोराचं नाव काढून टाकलं तर नर्सबाईची न माझी ओळख कोणती रे? आमी काय सोबत लग्नाला गेलो होतो?" ते हसले. मला हसू आलं नाही. साहेबांना अवघड वाटत असेल तर वाटू द्या. मला इतकी वर्षं अवघडच वाटत आहे, कोणी पाट सरकवून दिला नाही.

आता नमस्कार. मी चौथी पास आहे. आदरणीय सुमनबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून या ग्रंथात मोठमोठे वकील आणि प्राध्यापक लिहिणार आहेत. त्यांचं शुद्ध असेल. माझं जसं आहे तसं छापा.

सुमनबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आता चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पोलिसांनी कोणाला उचललं की घरचे लोक आधी त्यांना फोन लावतात, मग वकिलाला. आमची ओळख झाली ती माझ्या मुलाच्या, दिलीपच्या प्रेताजवळ.

दिलीपचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या पंपाची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा पंप चोरीला गेला. पोलीस आले, दिलीपच्या दुकानात तांब्याची तार सापडली. मोटारी भरणाऱ्याच्या दुकानात तार नाही तर काय सरकी सापडेल? दुपारी त्याला चौकशीला नेलं. ठाण्याचं नाव लिहू नका असं वकिलानं सांगितलं आहे, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

संध्याकाळी मी डबा घेऊन गेले. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. दारावर बोरकर नावाचा शिपाई होता. त्यानं मला आत सोडलं नाही, डबा आत नेला, आणि काही वेळानं रिकामा आणून दिला. धुतलेला.

"जेवला का रे बाप्पा?" मी विचारलं.

"जेवला जी माय. पोटभर जेवला. तू जाय घरी, सकाळी सोडतेत त्याले."

मी घरी गेले. माणूस जेवला म्हणजे माणूस धड आहे, एवढं तर आम्हा बायांना कोणी शिकवावं लागत नाही. सकाळी निरोप आला की छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिथं गेला.

दवाखान्यात मी ऊर बडवून घेत होते. एका ठेंगण्या नर्सनं माझं मनगट धरलं, चोराचं धरतात तसं. म्हणाली, "रडाचं ते घरी जाऊन रडा. आता पाहा. पाय पाहा, तळवे पाहा, बोटं पाहा. मंग गुंडाळतेत, मंग कोणालेच दिसत नाई." त्या वेळी मला त्या बाईचा असा राग आला की हात मोकळा असता तर मारलं असतं. पण मी पाहिलं. तळवे काळेनिळे होते. उजव्या हाताची बोटं सुजून जाड झालेली, एक तर उलटीकडे वळलेलं. त्या बोटांनी भाकर तुटत नाही. मला तिथंच कळलं की माझा डबा दिलीपनं खाल्ला नव्हता.

ही सुमनबाईंची आणि माझी पहिली भेट. पुढं ज्या ज्या साहेबानं विचारलं त्याला मी काय पाहिलं ते सांगू शकले, ते त्यांनी मला रडू दिलं नाही म्हणून. बाकी नातलगांनी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. ते सगळे चांगले लोक होते, कोर्टात एकही उपयोगाचा निघाला नाही.

बाईंनी डॉक्टरांनाही सांगितलं, "दिसते ते लिहा." डॉक्टरांनी अर्धं लिहिलं. पण अर्धं लिहायला लावलं म्हणून बाईंची बदली झाली, थेट अहेरीकडे. त्यांनी कोणाच्या पाया पडून ती रद्द करून घेतली नाही. निवृत्त होईपर्यंत तिकडेच राहिल्या, गोंडी शिकल्या, थोडी तेलुगूही. निवृत्त होऊन परत आल्या त्या सरळ माझ्या ओसरीवर. म्हणाल्या, "बाई, तुमचा डबा माझ्या डोक्यातून जात नाई. आता डबा आत पाठवाचाच नाई. आपण डब्यासंगं जाऊ."

तेव्हापासून हे काम सुरू झालं. कोणाला उचललं की दोघीतिघी बाया भाकर घेऊन ठाण्यात जातो आणि एकच मागणं मागतो: आमच्या माणसाला आमच्यासमोर जेवू द्या. भात न्यायचा नाही, हा बाईंचा नियम. "भात गिळता येते," त्या म्हणतात. "भाकर तोडा लागते, चावा लागते. हात दिसते, जबडा दिसते. बसला कसा ते दिसते." गंमत अशी की ज्यांनी हे काढलं त्यांना स्वतःला भाकर जमत नाही. बाईंच्या हातची भाकर एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं करपलेली असते. मी एकदा म्हटलं, "बाई, ही खाऊन तर निरोगी माणसाचाही जबडा दुखंन, पोलिसांवर आळ येईल." तेव्हापासून भाकरी मी करते, त्या बोलतात.

आणि बोलणं त्यांना येतं. एका ठाणेदारानं विचारलं, "इथी काय खानावळ उघडली का?" बाई म्हणाल्या, "नाई जी. खानावळीतून माणूस आपल्या पायानं बाहेर येते." दुसरा म्हणाला, "कोणत्या कायद्यात लिहिलं आहे हे?" त्या म्हणाल्या, "कायद्यात तं बरंच काही लिहिलं आहे साहेब, त्यातलं काय काय करता तुमी? आमी तं भाकरच मागून राह्यलो." आणि मग आवारात बसून राहायचं. पाऊस असो की ऊन, आत घेईपर्यंत बसायचं. बायांच्या पुढ्यात भाकर थंड होत आहे हे रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण पाहतो. ठाणेदाराला ते बघवत नाही, लाज वाटते म्हणून नव्हे, कोणीतरी मोबाइलमध्ये फोटो काढेल म्हणून. चालेल. आम्हाला कारणाशी काय करायचं आहे?

गडचांदूरकडचा एक ट्रकवाला असाच आत होता. समोर आणला, जेवायला बसवला. एका हातानं भाकर दाबून तुकडा काढू लागला. साहेब म्हणाले, "पाहा, जेवून राह्यला न?" बाई वाकल्या. "बेटा, डावा हात वर कर." त्यानं साहेबांकडे पाहिलं. बाईंचा आवाज चढला, "त्यांच्याकडे नको पाहू, मी नर्स आहे." हात वर आला तो कोपरापासून सुजलेला. ठाण्याच्याच जीपमधून त्याला दवाखान्यात न्यायला लावलं, सोबत बाई बसल्या, आणि डॉक्टरांनी या वेळी पूर्ण लिहिलं. तो माणूस आज ट्रक चालवतो. मला त्याला पाहून आनंद होतो असं लिहायला पाहिजे. होतो, पण त्याची आई मला भेटली की मी रस्ता बदलते.

अहेरीकडच्या बायांनी बाईंना फोन केला, की आमच्याकडे भाताचंच जेवण, ज्वारीची भाकर कुठून आणावी? बाई म्हणाल्या, "मक्याचं कणीस भाजून न्या." नेलं. दोन्ही हातांनी धरून दातांनी ओरबाडावं लागतं, त्याच्यापुढं काय लपतं? त्या दिवशी आठवडी बाजार होता. तिथल्या बाया सांगतात, अर्धा बाजार ठाण्यासमोर कणीस खात बसला होता.

एक घरचं सांगते. दिलीप गेल्यावर दुकान बंद पडलं. तो पंप पुढं सापडला बरं का. मालकाच्या पुतण्यानंच घुग्घुस गावाला नेऊन विकला होता. मालक माझ्या घरी सांत्वनाला आला, पुतण्या आला नाही. माझी सून कोपऱ्यात बसून राहायची. सुमनबाई एक दिवस पंखा घेऊन आल्या, म्हणाल्या जळला आहे, दुरुस्त कर. सुनेनं भीत भीत खोलला आणि म्हणाली, "बाई, पंखा तं चांगला आहे." "मंग खोल न पुन्हा लाव. हात बसला पाह्यजे," बाई म्हणाल्या. तो पंखा त्यांनी तीन वेळा आणला. आज सून दिलीपच्या दुकानात मोटारी भरते आणि माझ्याशी तोंड वर करून भांडते. दोन्ही बाईंचेच उपकार आहेत.

आता ते लिहिते, जे समितीला नको आहे.

शिपाई बोरकरची म्हातारी आई अंथरुणाला खिळली. सुमनबाई रोज तिला सुई द्यायला जाऊ लागल्या. मला कळलं तेव्हा मी रस्त्यात अडवून विचारलं, "त्याच्या मायले सुई देता? लाज नाई वाटत?"

"त्याची माय त्या दिवशी ड्युटीवर नोहती," बाई म्हणाल्या आणि पुढं निघाल्या.

बाईंनी बोरकरला कधी काही विचारलं नाही, असं त्या म्हणतात आणि तोही म्हणतो. आई गेल्यावर तो स्वतः बाईंकडे आला, आणि मग मॅजिस्ट्रेटसमोर बोलला. त्यानं सांगितलं, डबा आत नेला तेव्हा दिलीप खाली पडला होता, हात उचलत नव्हता. ठाणेदारानं सांगितलं, "डबा रिकामा करून, धुऊन बुढीले दे. जेवला म्हण. घरी जाते." दवाखान्यात न्यायला तेव्हा वेळ होता. दिलीप तेव्हा जिवंत होता.

खात्यानं काय केलं? बोरकरला निलंबित केलं, एकट्या बोरकरवर गुन्हा लावला आणि पेपरात दिलं की कारवाई झाली. आज गौरव समितीत आहेत त्यांच्यातल्याच काहींनी पेढे आणले. सुमनबाईंनी पेढा परत डब्यात टाकला. म्हणाल्या, "डबा धुणारा धरला. धुवाले लावणारा कुठी आहे?"

मी त्या दिवशी बाईंशी भांडले, सगळ्यांसमोर. म्हटलं, "मले एक तरी आत गेलेला पाहू द्या! त्यानं माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. मी किती दिवस जगणार आहो?" बाई म्हणाल्या, "एक दिला की ते फाईल बांधतेत, बाई. मंग तो साहेब निवृत्त होते, त्याले शाल मिळते. तुमाले कोणताही एक पाह्यजे का तोच पाह्यजे?" मी उठून घरी आले. कापूस वेचणीपासून होळीपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या मात्र यायच्या, ओसरीवर बसायच्या, बिनसाखरेचा काळा चहा मागायच्या आणि सुनेशी बोलून जायच्या. होळीनंतर मीच म्हटलं, "तोच पाह्यजे." ठाणेदाराला आरोपी करा, असा अर्ज नागपूरला हायकोर्टात त्यानंतर लागला. तो अजून तिथंच आहे. ठाणेदाराची दरम्यान बढती झाली.

बोरकरला मी माफ केलेलं नाही. कोणी तसं भाषणात सांगू नये. पण खरं बोलणारा तो एकटा निघाला आणि आरोपी पण तो एकटाच आहे, हे माझ्यासारख्या चौथी पास बाईला कळतं, तर मोठ्या शिकलेल्यांना का कळू नये?

तुम्ही सुमनबाईंना शाल-श्रीफळ देणार आहात. द्या. पण शाल पांघरून त्यांना घरी बसवायचा बेत असेल तर तो मनातून काढा. त्यांचे गुडघे गेले आहेत, साखर वाढली आहे, ठाण्याच्या पायरीवर चढताना त्यांना हात द्यावा लागतो. म्हणून भाषणं झाल्यावर ज्याला त्यांच्याबद्दल फार आदर वाटत असेल त्यानं तो हात द्यायला यावं. देवानं त्यांना शंभर वर्षं द्यावीत, डोळे शाबूत ठेवावेत, जीभ तर ठेवावीच. आमच्या कोर्टांची चाल पाहता पंचाहत्तर हे काही वय नाही. मलाही तेवढं द्यावं, फुकट मागत नाही, मला निकाल ऐकायचा आहे.

पाहुण्या साहेबांनी हे वाचून खाली कोणाला तरी पाठवून खुलासा मागवू नये. खुलासे मी पुष्कळ पाहिले, त्यावर शिपायाचीच सही असते. उत्तर द्यायचं ते हायकोर्टानं अर्ज मान्य केल्यावर, आरोपीच्या जागेवर उभं राहून, न्यायाधीश विचारतील त्याला, स्वतःच्या तोंडानं. बोरकरनं त्याच्या वाट्याचं उत्तर दिलं आहे. आता ठाणेदारानं द्यावं.