काकीच्या चौकशीत मी दिलेलं उत्तर

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही काकीला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित.

शेवंताकाकी आमची शेजारीण, इथलीच, धामापूरची. विधवा, सत्तरी गाठलेली. एकुलता मुलगा दिलीप मुंबईला. मी अंगणवाडीत, त्यामुळे वाडीतले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात. काकीचा निराधार पेन्शनचा अर्जही मीच भरला. आणि वैताग काय सांगू! रेशनकार्डावर शेवंती, आधारकार्डावर शेवंता. तलाठी भेटला तर सर्व्हर बंद, सर्व्हर चालू तर तलाठी मीटिंगला. चार महिन्यांनी एकदाचं मालवणला चौकशीला बोलावलं.

आठ दिवस मी तिची तयारी करून घेतली. घरात कोण, जमीन किती — सगळं पाठ. पण ‘मुलगा बघतो का?’ म्हटलं की ही बाई म्हणायची, “बघता तर! फोन करता, चतुर्थीक लुगडा धाडता.”

मी चिडायचे. मुलगा सांभाळतो म्हटलं की पेन्शन मिळत नाही. ‘नाही’ म्हण, एवढंच तर म्हणायचंय! त्यावर ती शांतपणे म्हणायची, “खोटा कसा बोलू गो? भगवती बघता.”

आता कसं सांगू — दिलीपचा फोन येतच नव्हता.

लग्नानंतर वर्षभरात त्याने नंबर बदलला. काकीकडे फोन नाही; त्याचा फोन यायचा तो माझ्याच मोबाईलवर. ती रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन विचारायची, आणि मी स्वयंपाकाच्या घाईत. एक दिवस वैतागून म्हटलं, “इलो होतो दिलीपचो फोन. तुका विचारी होतो.” ती खूश होऊन घरी गेली. किती सोपं होतं! मग आठवड्याला एक फोन मीच रचू लागले. चतुर्थीचं लुगडंही मीच आणायचे, त्याच्या नावाने. याला दया म्हणायचं? सुरुवात तरी तिची कटकट टाळायलाच झाली होती.

आठ दिवस होते माझ्याकडे. कधीही खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं — उलट तिच्यावरच ओरडत राहिले.

चौकशीला बसलेल्या मॅडम चांगल्या होत्या. काकीने तेच सांगितलं, फोन आणि लुगडं. मॅडमनी लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही शेजारी ना? मुलगा खरंच सांभाळतो यांना?”

काकीही माझ्याकडे बघत होती. निर्धास्त.

मी म्हटलं, “हो.”

अर्ज नामंजूर झाला. आणि एसटी स्टँडवर मी काय केलं असेल? तिलाच झापलं, चार लोकांत — एवढं शिकवलं आणि सगळं घालवलंस म्हणून. ती पदर सावरत म्हणाली, “चुकला माझा. रागावू नको.”

पेन्शन मिळेल या भरवशावर तिने काजूच्या कारखान्यातलं काम सोडलं होतं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा जायला लागली. काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली, कातडी सोललेली. दोन वर्षं रोज सकाळी माझ्या दारावरून जायची. मागच्या वर्षी ती वारली. तोपर्यंत मी आठवड्याचा फोन सांगतच होते.

कुणी पेन्शनचं विचारलं तर ती म्हणायची, “पोरीन खूप केल्यान माझ्यासाठी. मीच येडी.” एकदा देवळात सप्त्याला सगळ्या बायकांसमोर असंच म्हणाली. मी शेजारीच बसले होते. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या.

मी ते कौतुक घेतलं.